नाव ठेवणाऱ्या मॅडम

"हे कोणाचं?" हा प्रश्न आजही कुणी जरा चढ्या आवाजात विचारला, की आमच्या स्टाफरूममधली निम्मी माणसं हातातला कप लपवतात. उजागरे मॅडम निवृत्त होऊन केडगावला घरी बसल्या, तरी त्यांचा प्रश्न मिरजगावच्या आमच्या कॉलेजात अजून नोकरी करतोच आहे. टेबलावर उष्टा कप, रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा, पायऱ्यांवर आडवी लावलेली मोटारसायकल, फळ्यावर कुणीतरी काढून ठेवलेला बदाम, असं काहीही दिसलं की मॅडम तिथेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "हे कोणाचं?" "हे कोणी केलं?" असं त्या कधीच विचारत नसत. मी इतिहास शिकवणारा माणूस; मला हा फरक बरीच वर्षं कळला नव्हता. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कोणी केलं विचारलं की माणूस पळतो, सर. कोणाचं विचारलं की निदान एकदा वळून तरी बघतो." प्रत्यक्षात सगळे वळून बघत, आणि "माझं नाही" असं म्हणून मग पळत. कप शेवटी मॅडमच विसळायच्या.

मॅडम रोज केडगावहून यायच्या. घरापासून नगरच्या माळीवाडा स्टँडपर्यंत रिक्षा, तिथून सोलापूरकडे जाणारी एसटी. एवढा पल्ला मारून त्या वेळेच्या आधी हजर, आणि गावात राहणारे आम्ही पायी येऊन उशिरा. बारा महिने हातात काळी छत्री. मिरजगावात छत्री उन्हासाठीच लागते, पावसाचा तसा काही आग्रह नसतो. आजोबा आणि वडील दोघंही मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे मॅडमच्या साध्या बोलण्यातसुद्धा हजेरी घेतल्याचा सूर असायचा. नाताळच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये करंज्यांचा डबा यायचा. आम्हाला केकची अपेक्षा. "केक नगरच्या बेकरीतही मिळतो," त्या सांगायच्या, "आमच्या आजीपासून आमच्याकडे करंज्याच. खायच्या तर खा, नाहीतर झाकण लावा." झाकण लावायची वेळ कधी आली नाही.

हजेरी त्या नंबराने घेत नसत. आमच्यासारखे लोक "सत्तावीस, अठ्ठावीस" करत दोन मिनिटांत हजेरी उरकून शिकवायला मोकळे. मॅडम प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायच्या, वडिलांच्या नावासकट, आणि पोराने हात वर केला की त्याच्याकडे बघायच्या. निम्मा तास त्यातच जायचा. प्राचार्यांनी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "ज्या मुलाला मी नावाने ओळखत नाही, त्याला मी नापास कशी करू?" प्राचार्यांना यातून पास होणाऱ्यांची संख्या वाढेल असं वाटलं असावं, त्यांनी विषय सोडून दिला.

मॅडमचा खरा विषय मात्र एक कादंबरी होती. तिचं नाव मी इथे घेत नाही, कारण मिरजगावात ते कुणीच घेत नाही. आमच्याकडे तिला 'मुडद्याची कादंबरी' म्हणतात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. जुनी, इंग्रजी, अंगावर काटा आणणारी. एक हुशार माणूस मढ्यांचे तुकडे जोडून एक जिवंत माणूस उभा करतो. तो डोळे उघडतो, आणि त्याला बघून हा हुशार माणूस पळून जातो. पुढे तो बिचारा जीव गावोगाव हिंडतो, बोलायला शिकतो, माणसांत यायला बघतो; लोक त्याला दगड मारतात. मग तोही व्हायचा तसा होतो. पोरं भुताच्या आशेने पहिल्या तासाला गर्दी करायची. दोन-तीन तासांनी त्यांच्या लक्षात यायचं की यातलं भूत बरंचसं आपल्यासारखंच आहे, आणि गर्दी ओसरायची.

"त्या जिवाला त्या माणसाने नाव ठेवलं का?" मॅडम विचारायच्या.

"न्हाई मॅडम."

"आणि लोकांनी?"

"लोकांनी लई ठिवली."

इथे मॅडम खडू खाली ठेवायच्या. "बघा, मराठीत एका अनुस्वाराचा फरक आहे. ज्याचं होतं त्याने नाव ठेवलं नाही, म्हणून ज्यांचं नव्हतं त्यांनी नावं ठेवली. अख्खी कादंबरी या टिंबात आहे. इंग्रजीत एवढी पानं लागली." हे वाक्य भिंतीपलीकडच्या वर्गात शिवकाल शिकवणाऱ्या मला इतक्या वेळा ऐकू आलं की माझे विद्यार्थीही ते इतिहासाच्या पेपरात लिहायला लागले.

एका गोष्टीवर मात्र मॅडम चिडायच्या. पोरं परीक्षेत हटकून त्या बनवलेल्या जिवालाच त्या बनवणाऱ्याचं नाव देऊन टाकायची. सगळं जगच ही चूक करतं म्हणे. मॅडम प्रत्येक वेळी अर्धा मार्क कापायच्या. "एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवायचं नाही," त्या म्हणायच्या. "त्या गरिबाजवळ काही नव्हतं, निदान दुसऱ्याचं ओझं तरी नको."

या कादंबरीने आमच्या कॉलेजात एकदा चमत्कार केला. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. शाखा काढायची त्यांना भारी हौस. नारळ फोडायचा, कोनशिलेवरचा पडदा ओढायचा, आणि मग त्या शाखेचं पुढे काय झालं हे वर्तमानपत्रातसुद्धा वाचायचं नाही. आमचं कॉलेज अशाच एका नारळातून निघालेलं. वर्धापनदिनाला आबासाहेब व्यासपीठावर असताना मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि मॅडमनी ती कादंबरीच काढली. "त्या माणसाने निर्माण केलं यात काही वाईट नव्हतं," मॅडम आबासाहेबांकडे बघत म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी तो बघायला आला नाही, तिथे तो चुकला." प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो. आबासाहेबांना मात्र 'निर्माण' हा शब्द फार आवडला. ते टाळ्या वाजवत उठले आणि मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई धावत आला. आबासाहेबांची गाडी फाटकात. प्राचार्य घरी, आम्ही वाटेवर. हजर एकट्या मॅडम.

"मॅडम, तुमी काल म्हणला, दुसऱ्या दिशी बघाय यावं. आलो. दावा, काय दावायचं ते."

मॅडमनी त्यांना सरळ मुलींच्या स्वच्छतागृहाकडे नेलं आणि नळ उघडून दाखवला. नळातून हवा आली. आबासाहेब थोडा वेळ त्या हवेकडे बघत राहिले. आठवड्याच्या आत गच्चीवर नवी टाकी चढली. ती बघायला आलेले आबासाहेब जाता जाता मला म्हणाले, "कादंबरी लई कामाची हाय, सर. लिवणाऱ्याला गॅदरिंगला बोलवा यंदा." लिहिणारी बाई होती आणि तिला जाऊन फार काळ झाला, असं मी सांगितलं. "मग श्रद्धांजली ठिवू," आबासाहेब म्हणाले. इंग्रजी साहित्याने आमच्या कॉलेजला दिलेलं हे एकमेव पाणी आहे आणि ते अजून येतं.

आता मॅडमची दुसरी बाजू सांगायला हवी. पूर्ण नावाने हजेरी घेणाऱ्या या बाईंना टोपणनावं फार झकास सुचायची. प्रत्येक अर्जावर 'विचाराधीन' असं लिहिणाऱ्या प्राचार्यांना त्या 'विचाराधीन' म्हणायच्या. मी बोलताना मध्येच फाटे फोडतो म्हणून माझं नाव 'तळटीप'. ही नावं एखाद दिवस चालायची आणि चहाबरोबर संपायची. एकच नाव जगलं.

भूगोलाचे गव्हाणे सर म्हणजे अंग चोरून खुर्चीच्या कडेला बसणारा माणूस. सभेत सगळ्यांचं बोलून झालं, आभार मानायला कुणी उठलं, की गव्हाणे सरांचा हात हळूच वर यायचा. "माझी एक छोटीशी पुरवणी आहे." बरं, ती पुरवणी कामाची असायची. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीची सभा दीड तास चालली. भाषण कुणाचं, सूत्रसंचालन कुणाचं, सगळं ठरलं. शेवटी गव्हाणे सर म्हणाले, "झेंड्याची दोरी एकदा बघून घ्यावी. गेल्या वेळी अडकली हुती." पण तोवर चहा गार होत आलेला असायचा आणि कामाचं बोलणं कुणाला नको असायचं. अशाच एका सभेत तो हात वर आला आणि मॅडम माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या, "आली, आमची पुरवणी आली." मी हसलो. माझ्या शेजारचा हसला. चहा संपेपर्यंत 'पुरवणी सर' हे नाव ऑफिसात पोचलं आणि संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर.

मग परीक्षा आल्या. उत्तरपत्रिका भरली की जास्तीचा कागद मागायचा, त्यालाही पुरवणीच म्हणतात. गव्हाणे सर हॉलमध्ये देखरेखीला उभे, आणि पोरं ओळीने हात वर करून, "सर, पुरवणी!" "इकडं पुरवणी!" मागणी कायदेशीर, रागावणार कशावर? ज्याने आयुष्यात अर्ध्या पानावर उत्तर लिहिलं नाही, तोसुद्धा त्या दिवशी तीन-तीन पुरवण्या मागत होता. सर दोरे वाटत, कागद वाटत, लाल कानाने फिरत राहिले. त्यानंतर गावच त्यांना पुरवणी सर म्हणायला लागलं. किराणावाला, सलूनवाला, औषधवाला. त्यांच्या मुलीला शाळेत 'छोटी पुरवणी' म्हणायचे. पुढे पुढे तर नव्या पोरांना ते आडनावच वाटायचं. नगर जिल्ह्यात इतकी तऱ्हेतऱ्हेची आडनावं आहेत, त्यात हे एक.

या सगळ्यात एक गोष्ट इतकी हळू झाली की आम्हाला कळलीच नाही. गव्हाणे सरांचा हात वर यायचा थांबला. सभा लवकर संपायला लागल्या. झेंडाही अडकायला लागला.

मॅडमना हे दिसत नव्हतं का? मला वाटतं, त्यांच्या लेखी ते नाव केव्हाच गावाचं झालं होतं. त्या स्वतः त्यांना गव्हाणे सरच म्हणायच्या, अगदी अदबीने. पलीकडच्या वर्गात त्याच आवाजात दरवर्षी ते नाव-नावांचं टिंब शिकवायच्या. माणूस स्वतःचा धडा फार वर्षं शिकवत राहिला की तो दुसऱ्यांसाठीच आहे असं त्याला वाटायला लागत असावं.

गव्हाणे सरांच्या निवृत्तीला महिना-दीड महिना उरला तेव्हा ती क्लिप आली. मॅडमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, प्रतीक्षा. तिने मोबाईलवर, कॉम्प्युटरच्या अकलेने, सरांचा वार्षिक अंकातला फोटो बोलता केला. आवाजही हुबेहूब. लग्नात 'शुभमंगल सावधान' झालं की अक्षता पडायच्या आत फोटोतले सर म्हणायचे, "माझी एक छोटीशी पुरवणी आहे." निरोप समारंभात दाखवायची गंमत म्हणून तिने ती केली होती. दोन मैत्रिणींना पाठवली. तिथून ती तालुकाभर गेली, आणि वाटेत ज्याला जे सुचलं ते त्याने जोडलं. ग्रामसभेतले सर, कुस्तीच्या आखाड्यातले सर, आणि कुणा महाभागाने दहाव्याला बसलेलेही सर.

त्याच दिवसांत गव्हाणे सरांचे थोरले भाऊ वारले. दहावा त्यांच्या गावी होता. मी गेलो होतो. आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत श्रद्धांजलीची भाषणं होतात; पुढारी गेलेल्या माणसाबद्दल कमी आणि कालव्याच्या पाण्याबद्दल जास्त बोलतात. सगळे बोलून झाले. माइक धरणारा म्हणाला, "घरच्यांपैकी कुनी दोन शब्द?" आणि इतक्या वर्षांनी मी गव्हाणे सरांचा हात वर येताना पाहिला. ते उठले. माइक हातात घेतला. तोंड उघडणार, तेवढ्यात मागे कुणाच्या तरी मोबाईलमधून त्यांचाच आवाज आला, "माझी एक छोटीशी पुरवणी आहे." दहाव्याला आलेली माणसं हसली. म्हातारे हसले, मला माहीत असलेली चांगली माणसं हसली. सरांनी माइक परत दिला आणि भावाच्या पोराशेजारी जाऊन बसले. थोरल्या भावानेच त्यांना शिकवलं होतं. त्याच्याबद्दल त्यांना काय सांगायचं होतं ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हे मॅडमना सांगितलं. त्या जेवत होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि शिपायाला सांगून प्रतीक्षाला बोलावून घेतलं. सगळी स्टाफरूम भरलेली.

"हे कोणाचं?" मॅडमनी मोबाईल पुढे केला.

प्रतीक्षा घाबरली. "मॅडम, हे दहाव्याचं मी न्हाई केलं. मी फक्त लग्नाचं केलं हुतं. आन् ते तर मी कवाच डिलीट केलं. आता ते माझं न्हाई."

"मग कोणाचं?"

"सगळ्यांचंच हाय आता."

"प्रतीक्षा, मी तुला वर्षभर काय शिकवलं? तू जन्माला घातलंस. ते बाहेर हिंडून माणसाला खातंय, आणि तू म्हणतेस माझं नाही? मग त्या पळून गेलेल्या माणसात आणि तुझ्यात फरक काय?"

पोरगी रडायला लागली. रडता रडताच, अगदी खरंच ठाऊक नसल्यासारखी, म्हणाली, "मॅडम, पन मी नुसता फोटू बोलता केला. पुरवणी हे नाव तर पहिल्यापासनं हाय. ते कोनी ठिवलं?"

स्टाफरूममध्ये बुटांच्या नाड्या बांधायलाही कुणी वाकलं नाही. प्राचार्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. मॅडम मोबाईलकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या विषय बदलतील. मी असतो तर बदलला असता. मॅडम मोबाईल टेबलावर उपडा ठेवून म्हणाल्या, "माझं."

इतक्या वर्षांत त्या प्रश्नाला हे उत्तर त्या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं.

"तू केलेलं तू निस्तर," त्या प्रतीक्षाला म्हणाल्या. "माझं मी बघते." प्रतीक्षाने खरंच ग्रुपा-ग्रुपांवर जाऊन हात जोडले, स्वतःचं नाव सांगून सगळ्यांना क्लिप काढायला लावली. बऱ्याच जणांनी काढली. ज्यांनी काढली नाही त्यांनी तिलाच नावं ठेवली.

संध्याकाळची एसटी सोडून मॅडम माझ्याबरोबर गव्हाणे सरांच्या घरी आल्या. वहिनींनी चहा टाकला. मॅडमनी कपाला हात न लावता सगळं सांगितलं, त्या सभेपासून. गव्हाणे सर ऐकत होते.

"मला ठाऊक हुतं मॅडम," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं. तुमी कानात बोलला, पर मी पुढंच बसलो हुतो."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

सरांनी मॅडमचा कप त्यांच्याकडे सरकवला. वहिनी मात्र पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "बोलनार कवा? बोलाय गेलं की त्येच व्हायचं की पुन्हा."

मॅडमना त्यांनी रागवायला हवं होतं. निदान दोन शब्द वाईट बोलायला हवे होते. ते फक्त म्हणाले, "असू द्या, मॅडम." परत येताना मॅडम माझ्यापुढे झपझप चालत स्टँडपर्यंत आल्या. बस आली तेव्हा म्हणाल्या, "असू द्या म्हणाले हो, सर," आणि भर रस्त्यात रडल्या. त्या बाईला रडताना मी तेवढंच पाहिलं.

निरोप समारंभाच्या दिवशी मॅडम भाषण पाठ करून आल्या होत्या. मंडपात शिरल्या आणि थांबल्या. स्टेजमागे भला मोठा फ्लेक्स होता. गव्हाणे सरांचा हसरा फोटो, फुलांची नक्षी, आणि ठसठशीत अक्षरांत: 'आदरणीय प्रा. पुरवणी सर यांचा सेवापूर्ती सोहळा'. पोरांनी हौसेने स्वतःहून करून आणला होता. खोडसाळपणा त्यात तिळाएवढाही नव्हता. त्यांना खरोखरच दुसरं नाव माहीत नव्हतं. "का वो सर, स्पेलिंग चुकलं का?" एकाने मला काळजीने विचारलं.

फ्लेक्स काढायला वेळ नव्हता, आबासाहेब येऊन बसले होते. मॅडम माइकवर गेल्या. पाठ केलेलं भाषण त्यांनी केलं नाही. म्हणाल्या, "माझ्यामागे जे नाव लिहिलंय ते माझं आहे. मी ठेवलेलं. गंमत म्हणून ठेवलं आणि वळूनसुद्धा बघितलं नाही. ज्यांचा सत्कार आहे त्यांचं नाव प्राध्यापक भानुदास एकनाथ गव्हाणे. मी हजेरी घेते आहे. सगळ्यांनी म्हणा." मंडप चक्रावला, पण मॅडमच्या आवाजापुढे कुणाचं चाललं आहे? सगळ्यांनी म्हटलं. आबासाहेबांनीही म्हटलं.

मग सर उत्तराला उठले. माइक खालीवर केला. मॅडम खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसल्या होत्या. सर म्हणाले, "माझी काही पुरवणी नाही," नमस्कार केला आणि खाली बसले. मंडप हसला, टाळ्यांचा कडकडाट झाला. काय समयसूचकता, असं आबासाहेब म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. ज्या गोष्टीसाठी त्यांनी हे सगळं केलं, ती गोष्ट झालीच नव्हती. नाव परत देणं हे तर निमित्त होतं. खरं तर त्या माणसाचा बंद झालेला आवाज परत हवा होता.

त्या कादंबरीच्या शेवटी तो बनवणारा माणूस आपल्या निर्मितीच्या मागे बर्फातून धावत सुटतो. मॅडमनी नगर-सोलापूर रस्ता धरला. नोकरीची जी थोडी वर्षं उरली होती, त्यात त्यांनी 'पुरवणी सर' हे नाव दिसेल तिथे गाठलं. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "पुरवणी सर आत्ताच गेले," की मॅडम छत्री रोखायच्या: "गव्हाणे सर म्हणा." औषधवाला, किराणावाला, रुईछत्तीशीच्या थांब्यावर चढणारे शिक्षक, कंडक्टर, ड्रायव्हर. "गव्हाणे सर म्हणा. काय नाव? परत म्हणा." पोरांना धमकी: "अर्धा मार्क कापीन." नाव काही मेलं नाही. पण लोक मॅडमना बघून जीभ चावायला लागले, आणि मॅडम दिसल्या की एकमेकांना खुणावायला लागले, "ए, गप. गव्हाणे आल्या."

तिथून पुढचं पाऊल लोकांनी आपणहून टाकलं. मॅडमचं नाव 'गव्हाणे मॅडम' पडलं.

आधी स्टँडवर, मग बाजारात, मग कॉलेजात. नव्या कंडक्टरने तर "सर आज आले न्हाईत का बरुबर?" असंही विचारलं. केडगावात ही बातमी पोचली तेव्हा मॅडमचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणाले, "असू दे. रेशनकार्डावर अजून उजागरेच आहे, मी बघितलं." मी मॅडमना एकदा चिडवलं. "एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं की मॅडम. आता अर्धा मार्क कोणाचा कापायचा?" त्या हसल्या, पण दर वेळी चूक मात्र दुरुस्त करायच्या: "मी उजागरे. गव्हाणे ते सर."

मग मॅडमचाही निरोप समारंभ आला. फ्लेक्स प्रतीक्षाने स्वतः उभं राहून करून घेतला. ती आता कर्जतला शिकवते. नाव बिनचूक, वडिलांच्या नावासकट. भाषणं झाली. मॅडमनी आपल्या भाषणात ती कादंबरी शेवटची शिकवली. आभार मानायला मी उठलो, कागद काढला, आणि शेवटच्या रांगेत खुर्च्या हलल्या. एक हात वर आला होता, कोपरातून थोडासा, अंग चोरून.

"माझी एक छोटीशी पुरवणी आहे," गव्हाणे सर म्हणाले.

मंडपात कुणी हसलं नाही. एखादा हसला असता तर मी आभाराच्या कागदासकट त्याच्या अंगावर गेलो असतो. सर चालत पुढे आले. माइक खालीवर न करता म्हणाले, "मॅडमला गावात गव्हाणे मॅडम म्हणतात. मॅडम दर वेळेला विचारायच्या, हे कोणाचं. तर ते नाव माझं आहे. त्यांनी माझ्यापायी उन्हात फिरून कमावलंय. मी ते त्यांना दिलं, असं समजावं." एवढं बोलून ते बसतील असं वाटलं. ते बसले नाहीत. घसा साफ करून म्हणाले, "आन् माझ्या थोरल्या भावाबद्दल मला दोन शब्द बोलायचे हुते. तवा ऱ्हाऊन गेले. इथं बोललो तर चालंल का, मॅडम?"

मॅडमनी मानेनेच हो म्हटलं. गव्हाणे सर अर्धा तास बोलले. भाऊ त्यांना शाळेत कसा पोचवायचा, स्वतः ऊसतोडीला जाऊन यांना पुस्तकं कशी घेतली, सगळं बोलले. विषयाला सोडून होतं, वेळेला सोडून होतं, चहा पार गार झाला. मॅडम मांडीवर छत्री आडवी ठेवून ऐकत होत्या.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. एका हातात हार-नारळाची पिशवी, दुसऱ्यात छत्री. एसटी आली, पाटीवर नगरचं नवं नाव, कंडक्टरच्या तोंडी "नगर, नगर, चला नगर". गर्दीतून त्याने मॅडमना पाहिलं आणि वरूनच ओरडला, "गव्हाणे मॅडम, या! पुढची जागा ठिवलीय."

मॅडमनी एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबल्या. आता याची हजेरी निघणार म्हणून मी हसत वाट बघत राहिलो.

"हो, आले," मॅडम म्हणाल्या, आणि चढल्या.